नऊ तासांची थाप

परवा रविवारी नेहमीप्रमाणे सांगलीला फोन लावला. आईऐवजी भाच्याने उचलला. वय वर्षं दहा. शाळेत 'माझे नातेवाईक कुठे राहतात' असा प्रकल्प दिलाय म्हणे. नकाशा चिकटवायचा, त्यावर नातेवाइकांची गावं दाखवायची आणि प्रत्येक गावासमोर अंतर आणि जायला लागणारा वेळ लिहायचा. मिरजेची मावशी, १० किलोमीटर, अर्धा तास. नागपूरचे आजोबा (म्हणजे माझे काका), महाराष्ट्र एक्स्प्रेसने एक दिवसाहून जास्त. मग आली आत्या. साहेबांनी कॉम्प्युटरवर 'मुंबई ते लंडन अंतर' असं टाकलं आणि एका क्षणात उत्तर मिळवलं: ७,२०० किलोमीटर, ९ तास.

"आत्या, तू तर नागपूरच्या आजोबांपेक्षा जवळ राहतेस!"

मागून आईचा आवाज आला, "मग विचार तिला, येत्या रविवारी जेवायला येतेस का म्हणावं. पुरण घालते."

मीही हसले, आईही हसली. फोन ठेवला, चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत माझं डोकंही उकळलं. मंडळी, आजची पोस्ट त्या नऊ तासांवर आहे. ज्यांना परदेशात राहणाऱ्यांचं रडगाणं वाचायचा कंटाळा आलाय त्यांनी इथेच थांबावं. नातेवाइकांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं, कारण हे त्यांच्यासाठीच आहे. आणि काका, तुम्ही वाचताय हे मला माहीत आहे, रागावू नका.

कारण हे वाक्य मुळात काकांचं. २००४ साली मी लंडनला निघाले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि आई स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. सांगलीत मुलगी मिरजेला दिली तरी लांब दिली म्हणणारी माणसं आम्ही. तेव्हा काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अहो वहिनी, लंडन हल्ली नागपूरपेक्षा जवळ आहे. नऊ तास! मला इथे यायला गाडीत रात्र काढावी लागते." सगळे हसले. आईने डोळे पुसले. मीही लगेच तेच वाक्य उचललं आणि पुढची वीस वर्षं वापरलं. म्हणून या लेखात शिव्या बसतील त्यातल्या निम्म्या मला आहेत.

तर आधी हा आकडा येतो कुठून ते बघू. आमच्याकडे पृथ्वीचा गोल आहे, त्यावर परवा रात्री मी दोरा ताणून बघितला. लंडनवर एक टोक, मुंबईवर दुसरं, आणि घट्ट ओढायचा. तो जिथून जाईल ती दोन गावांमधली सगळ्यात जवळची वाट. ७,२०० किलोमीटर म्हणजे त्या दोऱ्याची लांबी. वेळ काढायची रीत त्याहून सोपी. त्या लांबीला ताशी साडेआठशे किलोमीटरने भागायचं, वर चढायला-उतरायला अर्धा तास टाकायचा. झाले नऊ तास. असा हिशेब करणाऱ्या पानाला विमान दिसत नाही, वारा दिसत नाही, देश तर मुळीच दिसत नाहीत.

पण दोऱ्याखाली देश आहेत ना. माझा दोरा लंडनहून निघाला तो जर्मनीवरून युक्रेनमध्ये गेला. तिथून काळ्या समुद्राच्या कडेने कॉकेशस, मग तिरका इराण, मग बलुचिस्तान, कराचीच्या जवळून अरबी समुद्र, आणि मुंबई. आता आठवा. जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवर मलेशियाचं प्रवासी विमान पाडलं गेलं, आणि विमानं त्या भागाला वळसा घालायला लागली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना पूर्णच बंद झालं. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं, ते पुरतं उघडायला जुलै उजाडला. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. जून २०२५ मध्ये इराणचं बंद झालं. म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या त्या सरळ दोऱ्याला कुठे ना कुठे आग लागलेली आहे. विमान बिचारं कधी तुर्कस्तानवरून, कधी इजिप्त-सौदीवरून, जिथून वाट मिळेल तिथून येतं. सांगलीच्या शाळेतल्या प्रकल्पात मात्र अंतर ७,२०० च.

बरं, अंतर वाढलं की वेळ वाढतो हेही खरं नाही. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. जुनी वाट होती साधारण १३,९०० किलोमीटरची, नवी १५,३०० ची. चौदाशे किलोमीटर जास्त, आणि तरी विमान साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा लवकर पोचलं! कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीशी आला. त्याच वाऱ्यामुळे लंडनहून मुंबईला जाताना नऊ तास लागतात आणि परत येताना साडेनऊ, दहा, कधी त्याहून जास्त. गंमत बघा, माहेरी जायची वाट लहान आणि परतीची मोठी, हे ओव्या म्हणणाऱ्या बायकांना न सांगताच कळलं असतं. आकडा देणाऱ्या पानाला कळत नाही. त्याच्याकडे दोन्ही बाजूंनी एकच उत्तर.

आणि तिकिटावर छापलेला वेळ? विमान दारापासून ढकललं जातं तिथपासून ते दुसऱ्या दाराशी थांबतं तिथपर्यंत. बस. त्यातही कंपन्या थोडं माप वाढवून ठेवतात, म्हणजे उशीर झाला तरी 'वेळेवर' म्हणता येतं. हीथ्रोला येताना तर मी कित्येकदा खिडकीतून खाली ओळखीच्या टेकड्या बघत हवेत गोल गोल फिरले आहे. उतरायची परवानगी मिळेपर्यंत विमानांना तसं फिरवत ठेवतात. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तिथेही रांग. असो. हे सगळं तासा-दीड तासाचं दुखणं आहे, एवढ्यासाठी मी पोस्ट लिहिली नसती.

खरा घोळ पुढेच आहे. नऊ तास मोजायला सुरुवात कुठून करायची?

जानेवारी २०१९. गुरुवार, संध्याकाळचे सात चाळीस. मी हॅरोच्या घरात भाजी चिरत होते. दादाचा फोन. भारतात तेव्हा रात्रीचे एक वाजून दहा मिनिटं झालेली, त्यामुळे उचलण्याआधीच पोटात गोळा आला. आई न्हाणीघरात पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. तिला दवाखान्यात नेलेलं होतं आणि ती शुद्धीवर होती. दादाने फोन तिच्या कानाला लावला. मी काय बोलले? मी म्हणाले, "आई, घाबरू नकोस. नऊ तासांत येते मी."

नऊ तासांत येते. तोंडातून आपोआप निघालं. पंधरा वर्षं घोकलेलं होतं ना.

मग मी तिकीट शोधायला बसले. त्या रात्रीच्या विमानाला वेळ उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊच्या विमानात एक जागा होती, एरवीच्या साडेतीन पट पैशांत. घेतली. सकाळी ऑफिसात जाऊन साहेबाला सांगितलं, कामं वाटून दिली, मुलीच्या शाळेत कळवलं, नवऱ्याला चार दिवसांच्या डब्यांचं सांगितलं. साडेचारला घर सोडलं. बस, विमानतळ, रांग, बूट काढा, पट्टा काढा, बाटली टाका. (ऑगस्ट २००६ मध्ये इथे विमानं उडवून द्यायचा कट उघडकीस आला तेव्हापासून ही बाटल्यांची भानगड सुरू झाली.) विमान वेळेवर सुटलं आणि वेळेवर पोचलं, त्याची काहीच तक्रार नाही. शनिवारी दुपारी बाराला मुंबईत चाकं टेकली. दीडला बॅग घेऊन बाहेर आले आणि गाडीत बसले.

मुंबई ते सांगली पावणेचारशे किलोमीटर. शनिवारची दुपार, खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची माळ, पुण्याबाहेर पडायला दीड तास, खंबाटकीला ट्रक, पेठ नाक्याला आत वळल्यावर रस्त्यात खड्डे की खड्ड्यात रस्ता असा तो सुप्रसिद्ध प्रश्न. रात्री सव्वादहाला दवाखान्याच्या दारात उभी राहिले. एकूण अंतराच्या जेमतेम पाच टक्के असलेल्या या शेवटच्या तुकड्याला पावणेनऊ तास लागले. आख्खा युरोप, इराण, समुद्र ओलांडायला नऊ, आणि अंधेरी ते सांगली पावणेनऊ! कोल्हापूरला विमान जातं हे मलाही माहीत आहे. त्याची वेळ माझ्या विमानाशी जुळत नव्हती, आणि आजवर कधी जुळलेली मला आठवत नाही.

घर सोडल्यापासून सव्वाचोवीस तास. फोन आल्यापासून पंचेचाळीस.

हे पंचेचाळीस तास मी जागून काढले त्याचं मला काही नाही. पण दवाखान्यात काय झालं ते वहिनीने मला नंतर सांगितलं. आईने नऊ तास फोनपासून मोजले होते. एक दहा अधिक नऊ, दहा दहा. शुक्रवारी सकाळी दहापासून ती दाराकडे बघत होती. "दर तासाला विचारायच्या, आली का म्हणून," वहिनी म्हणाली. "मी काय सांगणार, वन्सं? ट्रॅफिक लागलं असेल, म्हटलं." डॉक्टर शुक्रवारी संध्याकाळी ऑपरेशन करायचं म्हणत होते. आईने नकार दिला. लेक वाटेत आहे, नऊ तासांवर तर आहे, तिला येऊ दे. दादा वैतागला, समजावून थकला. शेवटी शनिवारी सकाळी त्याने जवळजवळ रागावूनच तिला आत पाठवलं. एक आख्खी रात्र माझी आई मोडलेलं हाड घेऊन माझ्या थापेवर पडून राहिली.

आणि काका? दादाने त्यांना शुक्रवारी पहाटे फोन केला. ते अकराच्या आसपास नागपुरात महाराष्ट्र एक्स्प्रेसला चढले. रिझर्वेशन नव्हतं, पंचाहत्तरीचा माणूस, टीसीच्या हातापाया पडून बर्थ मिळवली. शनिवारी दुपारी ते सांगलीत हजर होते. आई शुद्धीवर आली तेव्हा तिच्यासमोर ते होते. मी तेव्हा खंडाळ्याला पोचायची होते.

तर कोण जवळ आणि कोण लांब, काका?

त्या रात्री भेटीची वेळ संपली होती. दादाने रखवालदाराशी बोलून मला पाच मिनिटं आत सोडवलं. आई गुंगीत होती. माझा हात धरून म्हणाली, "विमान चुकलं का गं?"

म्हणून मला हा आकडा हलका वाटत नाही. प्रकल्पात लिहिला की ती माहिती असते, पण माणसाच्या तोंडून आला की ते वचन होतं. तुम्ही ऐकणाऱ्याला सांगत असता, की मी इतक्या वेळात येऊ शकते. मग नाही आलात तर उरतं काय? एकच निष्कर्ष. यायचं नव्हतं.

हे मी कल्पनेने बोलत नाहीये. २०११ साली बाबा गेले तेव्हा मी येऊच शकले नाही. माझा इथला व्हिसा वाढवायचा अर्ज चालू होता आणि पासपोर्ट त्या अर्जासोबत दिलेला होता. नियम असा, की अर्ज चालू असताना देशाबाहेर पाऊल टाकलं तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मग नोकरी गेली, घर गेलं, चार वर्षांच्या मुलीची शाळा गेली. मी रात्रभर त्या नियमाच्या कागदाकडे बघत बसले. त्या दिवशी हॅरो ते सांगली अंतर किती होतं? दोऱ्याने मोजा बघू. दादाने अग्नी दिला. दहाव्यालाही मी नव्हते, तेराव्यालाही नव्हते. नंतर वर्षभराने कळलं, की तेराव्याच्या जेवणावळीत एका बाईंनी पानावर बसून म्हटलं, "नऊ तासांचं तर अंतर. यायचं असतं तर आली असती."

त्या बाईंवर माझा राग नाही. त्यांना तो आकडा आम्हीच दिला होता.

आमच्या आजोबांच्या काळात माणूस बोटीने विलायतेला जायचा. दोन-तीन आठवडे बोटीत. निघताना सगळं गाव वेशीवर यायचं, कारण सगळ्यांना माहीत असायचं की हा गेला. आईबाप आजारी पडले तर हा येणार नाही, मेले तर याला पत्र जाईल. क्रूर होतं, पण त्यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. जाणाऱ्याला ठाऊक होतं आपण काय सोडतोय, राहणाऱ्याला ठाऊक होतं आपल्यावर काय पडलंय. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून निघालं आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला उतरलं. १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं, आणि ते ज्या वेगाने उडायचं साधारण त्याच वेगाने आजची विमानं उडतात. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळात हवेतला वेग जवळपास वाढलेलाच नाही. मधले थांबे गेले, तिकीट स्वस्त झालं, सिनेमे आले. आणि 'जग जवळ आलं' हे वाक्य आलं. जग होतं तिथेच आहे हो. आपण फक्त निरोप घेताना रडायचं बंद केलं.

यावर माझी एक ब्लॉगर मैत्रीण (सिडनीला असते, तिला माझ्यापेक्षाही लांब पडतं) म्हणेल, अगं पण निदान येता तरी येतं. तू पंचेचाळीस तासांत पोचलीस, तुझ्या आजोबांची बहीण पंचेचाळीस दिवसांतही पोचली नसती. खरं आहे. मला विमानाचा राग नाही. दहा हजार मीटरवर बसून गरम भात खाणं ही माझ्या दृष्टीने आजही जादूच आहे. रोज व्हिडिओवर आईचा चेहरा दिसतो हीसुद्धा. पण मग पंचेचाळीस म्हणा ना! दोन दिवस म्हणा. मी त्या गुरुवारी "आई, दोन दिवसांत येते, तू ऑपरेशन करून घे" असं म्हणाले असते तर तिने करून घेतलं असतं. मोठा आकडा ऐकून कुणी मरत नाही. छोटा आकडा ऐकून माणसं दाराकडे बघत बसतात.

दुसरा आक्षेप माझा नवरा घेतो. तो म्हणतो, "नऊ तासांवर आहे" हा नुसता धीर असतो, त्याचा एवढा कीस काढायचा नसतो. धीर कुणाला पण? मला विचाराल तर तो धीर सगळ्यात आधी जाणाऱ्याला मिळतो. २००४ साली मला निघायचं होतं. नोकरी हवी होती, थंडी हवी होती, एकटीने शहर बघायचं होतं, आणि त्यात काही चूक नव्हती. पण आईची पाठ बघून ते जड जात होतं. काकांच्या नऊ तासांनी ते हलकं केलं. आपण काही कायमचे जात नाही, जवळच तर आहोत, लागेल तेव्हा येऊ. लागेल तेव्हा! माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाने निघताना हे म्हटलेलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला असा एक फोन आलेला आहे.

आणि या धीराची किंमत कोण भरतं ते सांगते. आईच्या खोलीपासून दादा-वहिनीच्या खोलीपर्यंत बारा पावलं आहेत. मोजली आहेत मी. रात्री आईने हाक मारली की ती बारा पावलं वहिनी चालते. २०१९ पासून तर रोज, कधी रात्रीत तीनदा. या बारा पावलांचं कौतुक कुणी करत नाही, कारण जवळच तर आहे. आणि माझ्या सात हजार किलोमीटरचं कौतुक काय वर्णावं! मी पोचले की शेजारीपाजारी म्हणतात, "बघा, एवढ्या लांबून धावत आली पोर." म्हणजे मी आले की लंडन लांब आणि नाही आले की लंडन जवळ. वहिनी चहा आणून देते आणि काही बोलत नाही. मागच्या खेपेला एकदाच बोलली. मी निघताना आईला म्हणाले, "काही लागलं तर सांग, नऊ तासांवर आहे मी," आणि वहिनी पदर खोचत म्हणाली, "वन्सं, तेवढं एक नका सांगू हो. मग त्या रात्री झोपत नाहीत."

त्यानंतर मी ते म्हटलेलं नाही.

या नऊ तासांच्या जागी मी दुसरा एक आकडा काढलाय. जुने पासपोर्ट काढले आणि शिक्के मोजले. २००४ ते २०२५ या एकवीस वर्षांत माझ्या भारतात चौदा फेऱ्या झाल्या. मधली दोन वर्षं कोविडने खाल्ली, दोन बाळंतपणाने, बाकीची पैशांनी आणि रजेने. इथे नोकरदाराला कायद्याने वर्षाला २८ दिवस पगारी रजा मिळते. ऐकायला भरपूर वाटते, पण सार्वजनिक सुट्ट्या त्यातच धरता येतात, आणि उरलेल्यात मुलीच्या शाळेच्या सुट्ट्या बसवायच्या असतात. चौदा फेऱ्या, सरासरी सतरा दिवस. दोनशे अडतीस दिवस. एकवीस वर्षांत आठ महिनेसुद्धा नाहीत. त्यातून जाण्यायेण्याचे, जेट लॅगचे, सासरचे, बँकेच्या केवायसीचे आणि दातांच्या डॉक्टरचे दिवस वजा करा. आईसमोर नुसती बसले असे दिवस किती उरले ते मी मोजायला घेतलं होतं, पण सोडून दिलं.

पुढच्या वेळी कुणाच्या घरी मुलगा-मुलगी बाहेर निघेल आणि कुणीतरी काका मोठ्या आवाजात तास सांगू लागतील, तेव्हा त्यांना कृपया हा दुसरा आकडा विचारा. किती तासांवर आहे ते राहू दे, वर्षातले किती दिवस येशील ते सांग. वीस दिवस म्हणाला तर वीस धरा. तेवढ्यावर आईने काय ते ठरवावं, भावाने ठरवावं, आणि हो, वहिनीनेही ठरवावं, तिला या बाबतीत आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

असो. फारच लिहिलं. रात्री पुन्हा फोन करून भाच्याला सांगितलं, की बाबा रे, मुंबई ते लंडन विचारू नकोस, तुझा प्रकल्प सांगलीपासून आहे. आत्याच्या दारापासून आजीच्या पलंगापर्यंत लिही. त्याने सगळं नीट विचारून घेतलं. बसला किती, रांगेत किती, घाटात किती, रजा मिळायला किती. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'आत्या, लंडन. २ दिवस. कधीकधी येता येत नाही.'

आज त्याचा फोन आला. वही तपासून मिळालीय. नागपूर बरोबर, मिरज बरोबर. माझ्या ओळीवर बाईंनी लाल पेनाने काट मारलीय आणि शेजारी '९ तास' लिहिलंय. एक मार्क गेला. माझ्याशी कट्टी आहे.